अमेरिकेत शटडाऊन झाल्यावर नॅशनल पार्कांचा खर्च कोण उचलतं, आणि कुठल्या खात्यातून?

पायवाट:

राजकारण कोणाचं चुकलं यावर धागा नको आहे, हिशेब हवा आहे. म्हणून आधीच सांगून ठेवतो.

१ ऑक्टोबरला नवं आर्थिक वर्ष सुरू होतं, तोवर काँग्रेसने (तिथल्या संसदेने) खर्चाचं विधेयक मंजूर केलं नाही की फेडरल सरकारचं कामकाज थांबतं. इथवर समजलं. पण पार्कांच्या बाबतीत दर वेळी वेगळीच तऱ्हा दिसते. ऑक्टोबर २०१३ मध्ये १६ दिवस सगळीच्या सगळी ४०१ ठिकाणं बंद होती. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या ३५ दिवसांत फाटकं उघडी, पण आत माणूस नाही. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस गेले, तेव्हा रस्ते आणि पायवाटा चालू, इमारतींना मात्र कुलूप. कायदा तर एकच आहे ना?

माझे नेमके प्रश्न असे:

१. राज्य सरकार किंवा पार्कच्या वेशीवरचं गाव पैसे द्यायला तयार असेल तर ते कोणाला, कधी आणि कशा स्वरूपात द्यायचे?

२. ग्रँड कॅनियनसाठी अ‍ॅरिझोनाने २०१३ मध्ये दिवसाला ९३,००० डॉलर मोजले आणि २०१८-१९ मध्ये आठवड्याला साधारण ६४,०००. एवढा फरक कसा?

३. प्रवेश शुल्काचा पैसा पार्ककडेच राहतो म्हणतात. मग तोच वापरून मोकळे का होत नाहीत?

४. राज्यांचे पैसे परत मिळतात का?

हिशेबाची_वही:

आधी "कायदा एकच, तऱ्हा तीन" एवढं सोडवू, बाकीचं त्यावरच उभं आहे.

मूळ कायदा अँटिडेफिशियन्सी अ‍ॅक्ट. त्याची मुळं १८७० पर्यंत जातात. त्यातली दोन कलमं पुरतात. १३४१ म्हणतं की मंजूर पैसा हाती नसताना कोणत्याही अधिकाऱ्याने खर्च करायचा नाही आणि खर्चाचा शब्दही द्यायचा नाही. १३४२ म्हणतं की कोणी फुकट राबायला तयार असलं तरी ते काम घ्यायचं नाही. माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका असेल तेवढाच अपवाद. १९८० पर्यंत खाती असा खंड पडला तरी काम रेटत राहायची. त्या वर्षी अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायदा अक्षरशः लावला, आणि तेव्हापासून बंद म्हणजे खरोखरचा बंद.

पार्क सर्व्हिसकडे, म्हणजे ही पार्कं चालवणाऱ्या फेडरल यंत्रणेकडे, एकच तिजोरी आहे असं समजू नका. लेखाशीर्षं बरीच आहेत आणि शटडाऊनमध्ये ती सगळी एकदम आटत नाहीत. सगळ्यात मोठं शीर्ष पार्क व्यवस्थेच्या संचालनाचं, वर्षाला साधारण २.९ अब्ज डॉलर. रेंजरचे पगार, झाडलोट, वीजबिल, कचरागाडी हे सगळं यातून चालतं. हे दरवर्षी नव्याने मंजूर व्हावं लागतं, त्यामुळे पहिल्या रात्री हेच कोरडं पडतं.

न आटणारी शीर्षं अशी: प्रवेश आणि कॅम्पिंगचं शुल्क (२००४ च्या कायद्याने यातला किमान ८० टक्के वाटा सर्वसाधारणपणे त्याच पार्ककडे राहतो, उरलेला इतर ठिकाणांसाठी, आणि वर्ष संपलं म्हणून बुडत नाही), देणग्या, आतल्या हॉटेल-उपाहारगृहांच्या ठेकेदारांकडून मिळणारं फ्रँचायझी शुल्क, आणि २०२० च्या ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स अ‍ॅक्टमधला दुरुस्तीचा निधी. त्या शेवटच्या निधीत पाच वर्षं दरवर्षी १.९ अब्ज डॉलरपर्यंत पैसा यायचा होता आणि त्यातला ७० टक्के पार्क सर्व्हिसचा. म्हणून शटडाऊनमध्ये एखाद्या पार्कात स्वच्छतागृहाला कुलूप आणि पलीकडे पुलाचं काम जोरात, असं चित्र दिसू शकतं. त्यात कुणाचा गलथानपणा नाही, दोन्हींची शीर्षं वेगळी आहेत.

कर्मचाऱ्यांचेही यावरूनच प्रकार पडतात आणि बातम्यांत त्यांची नेहमी गल्लत होते. ज्याचा पगार न आटलेल्या शीर्षातून निघतो तो कामावर येतो आणि त्याला वेळेवर पगार मिळतो. जो जीव आणि मालमत्ता राखायच्या अपवादात बसतो, म्हणजे कायदा-सुव्यवस्थेचा रेंजर, आग विझवणारा, पाणीपुरवठा सांभाळणारा, तो कामावर येतो पण पगार शटडाऊन संपल्यावर. उरलेले घरी. २०२५ च्या आराखड्यात १४,५०० पैकी ९,२९६ जण घरी बसणार होते.

आता तीन तऱ्हा. २०१३ मध्ये खात्याने अर्थ लावला की राखायला माणूस नाही तर जागा उघडी ठेवणं धोक्याचं, म्हणून सरसकट बंद. २०१८ मध्ये उलटा: उघड्या जागेला कुंपण घालायला जायचं नाही, लोक आले तर येऊ देत, सेवा मात्र मिळणार नाही. २०२५ मध्ये हाच अर्थ कायम ठेवून पहिल्या दिवसापासून शुल्काच्या शिलकीतून मूलभूत सोयी चालवायचं ठरलं. कायद्यातलं अक्षर बदललेलं नाही. वरच्या खुर्चीत बसलेल्याने त्याचा अर्थ कसा लावला, तेवढाच फरक.

वेशीवरचा:

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं घेतो.

राज्याचा पैसा "देणगी" म्हणूनच आत जातो. पार्क सर्व्हिसला देणगी घ्यायचा अधिकार कायद्याने दिलेला आहे आणि देणगीचं शीर्ष शटडाऊनमध्ये जिवंत असतं. हा मार्ग सोडून राज्याने आपली माणसं परस्पर पार्कात पाठवून फाटक उघडायचं म्हटलं तर जमीन फेडरल, अधिकार फेडरल. १९९५ च्या शटडाऊनमध्ये अ‍ॅरिझोनाचे गव्हर्नर फाइफ सिमिंग्टन नॅशनल गार्डचे जवान घेऊन ग्रँड कॅनियनच्या दारात गेले होते; शेवटी तिथेही मार्ग निघाला तो लेखी कराराचा आणि राज्याच्या पैशाचा.

२०१३ मध्ये जे घडलं ते टप्प्याटप्प्याने असं. राज्याच्या गव्हर्नर कार्यालयाने गृहखात्याकडे मागणी करायची (इथलं गृहखातं म्हणजे डिपार्टमेंट ऑफ द इंटीरियर, पोलिसांचं नव्हे). पार्कचा सुपरिंटेंडंट रोजच्या खर्चाचा आकडा काढतो. करारात पार्कचं नाव, रोजचा दर, किती दिवस आणि नेमक्या कोणत्या सेवा एवढं येतं. मग पूर्ण रक्कम आगाऊ, बँकेतून थेट फेडरल खात्यात. पैसे जमा झाल्यावर लोकांना कामावर बोलावायचं. नंतर बिल पाठवा, आम्ही भरू, हे चालत नाही, कारण १३४१ कलम तिथेच आडवं येतं: हाती पैसा नसताना खर्चाचं वचन देता येत नाही, मग मागे देणारं राज्य कितीही भरवशाचं असो.

आकडे बघा:

युटा: आठ ठिकाणं (झायन, ब्राइस कॅनियन, आर्चेस, कॅनियनलँड्स, कॅपिटल रीफ, ग्लेन कॅनियन, नॅचरल ब्रिजेस, सीडर ब्रेक्स), १० दिवस, १६ लाख ७० हजार डॉलर.
अ‍ॅरिझोना: ग्रँड कॅनियन, ७ दिवस, ६ लाख ५१ हजार.
न्यू यॉर्क: स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, ६ दिवस, ३ लाख ६९ हजार ३००.
कोलोरॅडो: रॉकी माउंटन, १० दिवस, ३ लाख ६२ हजार ७००.
साउथ डकोटा: माउंट रशमोर, १० दिवस, १ लाख ५२ हजार.
टेनेसी: ग्रेट स्मोकी माउंटन्स, ५ दिवस, ३ लाख ५०० (८० टक्के राज्याचे, २० टक्के सेव्हिअर काउंटीचे; काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं).

भागाकार केला की गंमत दिसते. रशमोरला दिवसाला १५,२००, कारण तो एक डोंगर, एक वाहनतळ आणि एक इमारत. लिबर्टीला ६१,५५०, कारण बेटावर सगळं काही बोटीने न्यायचं आणि वर सुरक्षा तपासणी. ग्रँड कॅनियनला ९३,०००, कारण ते एक छोटं गावच आहे: पाणी, सांडपाणी, दवाखाना, बससेवा. पार्कचं क्षेत्रफळ किती यावर दर ठरत नाही, आत किती यंत्रणा चालू ठेवावी लागते यावर ठरतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. २०१३ मध्ये पार्क पूर्ण बंद होता, त्यामुळे राज्याला अख्खं चालू पार्क विकत घ्यावं लागलं, पगारांसकट. २०१८-१९ मध्ये पार्क तसाही उघडा होता आणि जीव-मालमत्तेच्या नावाखाली काही माणसं कामावर होतीच. राज्याने फक्त स्वच्छतागृहं, कचरा आणि बर्फ काढणं एवढंच उचललं. दिवसाला नऊ हजारांच्या आसपास पडलं. दोन वेगळ्या वस्तूंचे भाव शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवण्यात अर्थ नाही. न्यू यॉर्कचा आकडा मात्र दोन्ही वेळा जवळजवळ तेवढाच आला, दुसऱ्यांदा ६५,००० रोज. बेटावर अर्धवट उघडं असा प्रकारच नसतो.

परतावा. न वापरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात. टेनेसीचं बघा, पाच दिवसांचे भरून १६ ऑक्टोबरला स्मोकीज उघडलं आणि त्याच रात्री शटडाऊन संपला. पण वापरलेल्या दिवसांचे पैसे ही देणगी, आणि देणगी परत करायची तर काँग्रेसने तशी वेगळी तरतूद करायला हवी. करारात पार्क सर्व्हिस तसं वचन देऊच शकत नाही.

इथे राज्यांची तक्रार रास्त आहे असं माझं मत. घरी बसवलेल्या फेडरल कर्मचाऱ्यांना २०१३ मध्ये मागाहून पूर्ण पगार मिळाला, आणि २०१९ पासून तर तो कायद्यानेच पक्का आहे. म्हणजे राज्याने ज्या दिवसांचे पगार भरले ते फेडरल सरकारला नाहीतरी भरायचेच होते. राज्याच्या पैशाने वाचली ती फेडरल तिजोरी. तरीही राज्यं पैसे देतात, कारण हिशेब वेशीबाहेर आहे. पार्क सर्व्हिसच्याच अहवालानुसार ऑक्टोबर २०१३ मध्ये पर्यटक जवळपास ७९ लाखांनी घटले आणि आसपासच्या गावांतला ४१ कोटी ४० लाख डॉलरचा खर्च बुडाला.

पायवाट:

आगाऊ रकमेचं कारण आता लक्षात आलं. पण शुल्काचा प्रश्न राहिला. पैसा पार्ककडे आहे, वर्षाअखेर बुडत नाही, आणि २००४ च्या कायद्यात शुल्कातून देखभाल, पर्यटकांची सुरक्षा हे सगळं करता येतं असं लिहिलेलं आहे. मग अडचण कुठे?

बारीक_अक्षर:

अडचण एका जुन्या नियमात आहे: एका कामासाठी दोन शीर्षं चालत असतील तर खात्याने एक निवडायचं आणि मग त्यालाच चिकटून राहायचं. यंदा इथून, अडलं की तिथून, असं नाही.

५ जानेवारी २०१९ च्या सुमारास गृहखात्याने शुल्काच्या शिलकीतून कचरा उचलणं, स्वच्छतागृहं साफ करणं वगैरे सुरू करायला सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काँग्रेसच्या लेखापरीक्षण यंत्रणेने, म्हणजे गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने, निर्णय दिला की हे बेकायदा होतं. युक्तिवाद थोडक्यात असा: कचरा उचलण्याचा खर्च तुम्ही एरवी संचालनाच्या शीर्षातून करता. ते शीर्ष आटलं म्हणून तोच खर्च शुल्काच्या शीर्षावर टाकता येणार नाही. निवड बदलायची असेल तर नवीन आर्थिक वर्षाच्या सुरुवातीपासून आणि काँग्रेसला आधी कळवून बदला. मधेच बदललं तर त्या कामासाठी तुमच्याकडे पैसाच नव्हता असं धरायचं, आणि पैसा नसताना खर्च केला म्हणजे अँटिडेफिशियन्सी अ‍ॅक्टचा भंग. वर असंही बजावलं की यापुढे असं केलंत तर ते जाणूनबुजून केलं असं समजू. हा शब्द महत्त्वाचा, कारण त्याच कायद्यात जाणूनबुजून केलेल्या भंगाला ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

गृहखात्याला हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, २००४ च्या कायद्याने शुल्क ज्या कामांना वापरता येतं त्यात ही कामं बसतात, मग प्रश्न मिटला. आणि २०२५ च्या आराखड्यात त्यांनी पुन्हा शुल्काची शिल्लकच धरली: स्वच्छतागृहं, कचरा, रस्ते, कॅम्पग्राउंड, कायदा-सुव्यवस्था, आणीबाणी, प्रवेशद्वारावरची माणसं.

म्हणजे "कायदेशीर आहे का" याला लेखापरीक्षकाचं एक उत्तर आहे आणि खर्च करणाऱ्याचं दुसरं, आणि दोघेही आपल्या जागी ठाम.

हिशेबाची_वही:

कायद्याचा वाद बाजूला ठेवला तरी शुल्काच्या पैशात व्यवहाराच्या दोन अडचणी आहेत आणि माझ्या मते त्या जास्त बोचतात.

पहिली, हा पैसा रिकामा पडलेला नसतो. पार्क तो साठवतं ते छप्पर, पाण्याची वाहिनी, वाहनतळ, कॅम्पग्राउंडचं स्वच्छतागृह अशा कामांसाठी. बरीच कामं दोन-तीन वर्षं शिल्लक जमवून होतात. पार्क सर्व्हिसची थकलेली दुरुस्ती २३ अब्ज डॉलरच्या घरात आहे. शटडाऊनमध्ये त्या शिलकीतून झाडूवाल्याचा पगार दिला की तेवढी दुरुस्ती मागे पडते. वर प्रवेशद्वारावर वसुली करायला माणूस नसेल तर त्या दिवसांचं शुल्कही बुडतं. खर्च वाढला, आवक थांबली, दोन्ही एकाच खात्यावर.

दुसरी अडचण वाटपाची. शंभराहून थोडीच अधिक ठिकाणं प्रवेश शुल्क घेतात. एकूण ठिकाणं ४३३. उरलेल्यांकडे शिल्लक येणार कुठून? यातलं सगळ्यात ठळक उदाहरण ग्रेट स्मोकी माउंटन्स. २०२४ मध्ये १ कोटी २० लाखांहून जास्त भेटी, देशातलं सगळ्यात गर्दीचं नॅशनल पार्क, आणि प्रवेश शुल्क शून्य. टेनेसीने रस्ता फेडरल सरकारला दिला तेव्हाच्या अटींमुळे तिथे पथकर-प्रवेशकर लावता येत नाही. मार्च २०२३ पासून वाहनतळाचं शुल्क सुरू झालं, दिवसाला ५ डॉलर, आठवड्याला १५, वर्षाला ४०. तोवर त्यांच्याकडे कॅम्पग्राउंडच्या शुल्कापलीकडे फारसं काही नव्हतं. म्हणूनच तिथे दर शटडाऊनमध्ये वेशीवरची गावं आणि सहयोगी संस्था पुढे येतात. २०२५ मध्येही सेव्हिअर काउंटी, गॅटलिनबर्ग, पिजन फोर्ज आणि टेनेसी राज्य यांनी मिळून पैसा उभा केला. युटा-अ‍ॅरिझोनाचा नमुना सगळीकडे लागू होईल असं समजू नये, तसाच स्मोकीजचाही.

ठेकेदारांनी थेट पैसे घालायचा मार्ग कोणी सांगितला नाही म्हणून जोडतो. २०१८-१९ मध्ये यलोस्टोनला हिवाळ्यात बर्फावरून चालणाऱ्या बस आणि स्नोमोबाइल चालू ठेवायच्या तर सुमारे ३०० मैल रस्त्यांवरचा बर्फ रोज दाबून सपाट करावा लागतो. ते काम आतल्या मुख्य हॉटेल ठेकेदाराने आणि सहलवाल्यांनी मिळून दिवसाला साधारण ७,५०० डॉलर घालून चालू ठेवलं. ज्याचा धंदा त्या रस्त्यावर आहे त्याने रस्ता राखला.

निळी_टाकी:

वर सगळं खात्यांचं झालं. प्रत्यक्षात पार्क बंद पडतं ते संडासामुळे. २ जानेवारी २०१९ ला जोशुआ ट्रीने कॅम्पग्राउंड बंद केली, कारण संडासांच्या टाक्या भरत आल्या होत्या. योसेमिटीनेही मानवी विष्ठेमुळे काही भाग बंद केले. सेक्वॉया आणि किंग्ज कॅनियनमध्ये बर्फाळ रस्ता, कचरा आणि विष्ठा या तिन्हींची गाठ पडली.

या पार्कांत मैलोन् मैल नळ-सांडपाणी नसतं, म्हणून व्हॉल्ट संडास. खाली बंदिस्त काँक्रीटची टाकी, नेहमीच्या एका खोलीच्या नमुन्यात साधारण १,००० गॅलनची, म्हणजे ३,८०० लिटर. फ्लश नाही, झिरपा नाही. मागच्या उभ्या पाइपातून दर्प वर जातो आणि टाकी भरली की व्हॅक्यूम टँकरने उपसावी लागते. बिघडतं ते असं:

आधी कागद संपतो. कागद संपला की लोक हाताला येईल ते वापरतात आणि आत टाकतात. शेजारची कचरापेटी ओसंडली की बाटल्या, डायपर, अन्नाचे डबे हेही टाकीतच. मग टँकरची नळी तुंबते आणि अर्ध्या तासाच्या कामाला दिवस जातो, कारण आतला कचरा आधी आकड्याने बाहेर ओढावा लागतो. तिसऱ्या पायरीला टाकी भरते, दाराला कुलूप लागतं, आणि लोक इमारतीच्या मागे जातात. ते साफ करणं टाकी उपसण्याहून महाग आणि वाईट.

म्हणून पैसे थोडे असतील तर क्रम असा धरा: कागद आणि कचरापेट्या रोज, टाकीची पातळी दर दोन-तीन दिवसांनी काठीने मोजायची, पाऊण भरली की टँकर बोलवायचा, काठोकाठची वाट बघायची नाही. बर्फाच्या पार्कात रस्ता साफ करायचा खर्च याच यादीत धरा, टँकर संडासापर्यंत पोचला नाही तर उपशाचे पैसे फुकट. कचऱ्यासाठी प्राणी उघडू शकत नाहीत अशाच पेट्या. त्या काठोकाठ भरल्या की लोक पिशव्या बाजूला ठेवून जातात, आणि मग पेटीचं झाकण कितीही भक्कम असलं तरी अस्वलाला आणि कावळ्यांना काही फरक पडत नाही.

तात्पुरते प्लॅस्टिकचे संडास आणून ठेवू, असं सुचतं. त्यांची टाकी ६०-७० गॅलनची. गर्दीच्या पायवाटेच्या तोंडाशी रोज उपसावे लागतील. शनिवार-रविवारपुरते ठीक, महिनाभराला महाग.

आणि स्वयंसेवक. मनाने फार चांगली गोष्ट, २०१९ मध्ये जोशुआ ट्रीत स्थानिकांनी कागदाची रिळं पुरवली, कचरा काढला. पण अधिकृतरीत्या पार्कच्या स्वयंसेवकांवर देखरेख करणारा कर्मचारीच घरी असल्याने त्यांचंही काम थांबवलं जातं. हातमोजे घालून विष्ठा काढताना कोणी आजारी पडलं किंवा बर्फावर घसरलं तर जबाबदार कोण, याचं उत्तर आधी लेखी हवं.

पायवाट:

छान, आता चित्र जुळलं. शेवटचं एक: वेशीवरच्या एखाद्या काउंटीला पुढच्या १ ऑक्टोबरसाठी तयारी करायची असेल तर कधी आणि कुठून सुरुवात करावी?

वेशीवरचा:

जुलै-ऑगस्टमध्ये. ३० सप्टेंबरला सुरू केलंत तर करार लिहिणारा, तपासणारा आणि सही करणारा तिघंही दुसऱ्या दिवशी घरी असतील. २०१३ मध्ये १ तारखेला कुलूप लागलं आणि युटाची पार्कं उघडायला ११ तारीख उजाडली, ती याच घोळात.

आधी सुपरिंटेंडंटकडून रोजच्या खर्चाच्या दोन याद्या मागा: पूर्ण चालू ठेवायचा खर्च, आणि निळी_टाकी म्हणतात तेवढ्याच किमान सेवांचा खर्च. दोन्हींमध्ये दहापट अंतर असू शकतं, वरचे ग्रँड कॅनियनचे आकडे बघाच. काउंटीच्या मंडळाकडून खर्चाचा ठराव वरच्या मर्यादेसकट आधीच करून घ्या. ऐनवेळी बैठक बोलवायची तर नोटिशीच्या मुदतीतच काही दिवस जातात.

पार्कशी आधीपासून करार असलेली सहयोगी संस्था असेल (पुस्तकांची दुकानं चालवणारी किंवा मित्रमंडळ) तर पैसा तिच्यामार्फत पाठवणं सहसा लवकर होतं, कारण कागद तयार असतो. २०१८ मध्ये स्मोकीजची अभ्यागत केंद्रं नाताळच्या गर्दीत अशीच उघडी राहिली.

वेशीच्या बाहेर जे करता येतं ते करारावर टांगून ठेवू नका. काउंटीच्या जमिनीवर, पार्ककडे जाणाऱ्या रस्त्यावर मोठ्या कचरापेट्या, संडास आणि "पुढे सोय नाही" असा फलक लावायला कोणाची परवानगी लागत नाही. आतला भार तिथेच बराच हलका होतो. पार्कची वेबसाइट आणि समाजमाध्यमं शटडाऊनमध्ये आणीबाणी सोडून अद्ययावत होत नाहीत, म्हणून रस्ता-पायवाटांची माहिती काउंटीच्या पर्यटन कार्यालयाने आपल्या पानावर रोज टाकावी.

टँकरवाला आणि कचऱ्याचा ठेकेदार यांच्याशी दर आधी ठरवा, आणि पार्क त्यांना पैसे देणार की काउंटी, हे स्पष्ट लिहा. पार्कने द्यायचे तर ते देणगीच्या शीर्षातून. काउंटीने थेट द्यायचे तर ठेकेदाराला आत काम करायची पार्कची लेखी परवानगी हवी. ही दोन वाक्यं करारात नसली की टँकर फाटकावर उभा राहतो आणि दोन्ही बाजू एकमेकांकडे बघतात.

पैसे पाच-पाच दिवसांच्या हप्त्यात आगाऊ भरा, एकदम महिन्याचे नकोत. खर्चाचं विधेयक सही झालं की करार त्या मिनिटाला संपतो, उरलेले दिवस परत मागायचे असतात, आणि स्मोकीजसारखे दोन देणारे असले तर कोणाला किती परत जायचे हेही त्याच कागदावर टक्केवारीने लिहून ठेवा.